कवीच्या रकान्यात

परवा तुळजापूरच्या बांगड्यांच्या गल्लीत एका दुकानासमोर मी चांगला तासभर स्टुलावर बसून होतो. नातसुनेला चुडा भरायचा होता. माझ्याकडं काम दोनच: पिशव्या सांभाळायच्या आणि तिनं हात पुढं केला की "छान दिसतात" म्हणायचं. नव्वदी ओलांडलेल्या माणसाला घरचे लोक असलीच जोखमीची कामं देतात.

गल्लीत वास होता, पण अर्धाच. कुंकवाचा होता, कापराचा होता, सोललेल्या नारळाचा होता. गवताचा नव्हता. पूर्वी बांगड्या लाकडी खोक्यांत वाळल्या गवतात निजून यायच्या. खोकं उघडलं की परमुलखातल्या कुठल्यातरी रानाचा वास गल्लीभर पसरायचा आणि शेळ्या धावत यायच्या. आता बांगड्या पुठ्ठ्याच्या नळ्यांवर येतात. शेळ्यांना काही कारण उरलं नाही.

दुकानदाराच्या मोबाईलवर गाणं लागलं होतं. ढोल, खंजिरी, आणखी कसकसलं वाद्य, आणि मधोमध एका मुलीचा गोड, स्वच्छ आवाज:

*भट्टीत जलमले, बाई गाडीतून आले,*
*कोण्या गं गावाच्या मनगटाची झाले.*

माझ्या हातातली नारळाची पिशवी खाली पडली. नारळ घरंगळत गटारीपर्यंत गेला. नातसून म्हणाली, "आजोबा, झोप लागली का?" मी हो म्हणालो. म्हातारपणाचा हा एक फायदा आहे. कुठलाही गुन्हा डुलकीच्या नावावर टाकता येतो.

*

मी तेव्हा इथल्याच महसूल कचेरीत कारकून होतो. वय चोवीस. मिशी नवी होती, स्वतःबद्दलचं मत मात्र फार जुनं आणि पक्कं होतं. निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, पण ते कपाटांतून अजून गेलं नव्हतं. लाल फडक्यांत बांधलेले उर्दू कागदांचे बस्ते छतापर्यंत रचलेले, आणि त्यांना वाळवीच्या औषधाचा, उंदरांचा आणि जुन्या शाईचा मिळून एक गोडसर, कुजका वास. मी शाळा उर्दूत शिकलो होतो, मराठी घरची होती. म्हणून ते कागद मराठीत उतरवायचं काम माझ्याकडं आलं. दिवसभर उजवीकडून डावीकडं वाचायचं आणि डावीकडून उजवीकडं लिहायचं. संध्याकाळी मान दोन्ही बाजूंनी दुखायची.

आमच्या जुन्या पेशकारांनी, म्हणजे कचेरीतल्या वरिष्ठांनी, मला पहिल्याच दिवशी एक मंत्र दिला होता. रकाना रिकामा सोडायचा नाही. मालकाचा कागद असेल तर मालकाचं नाव लिहायचं, कागद नसेल तर वहिवाट लिहायची, आणि वहिवाटही कुणाची धड सांगता येत नसेल तर गायरान. गायरान म्हणजे साऱ्या गावाची जमीन. कुणीही गुरं सोडावीत. हा मंत्र मी इतका मनावर घेतला, की आईनं "जेवायला काय करू?" म्हणून विचारलं तरी मला वाटायचं, रकाना भरला पाहिजे.

शिवाय मी कवी होतो. म्हणजे मला तसं वाटायचं. पुठ्ठ्याची एक वही होती, तिच्यात सत्तेचाळीस कविता होत्या, आणि त्यांतल्या एकतीस कवितांत चंद्र होता. बाकीच्या सोळा ढगाळ रात्री केलेल्या.

*

कचेरी सुटली की मी गल्लीच्या वळणावर तेलाच्या दुकानाच्या पायरीवर बसायचो. समोर वर्तमानपत्र धरायचो आणि कान पलीकडं लावायचो. पलीकडं गोणपाटाच्या सावलीत जैतूनबी बसायची.

जैतूनबी मन्यारीण, बांगड्या भरणारी. तिशीची असेल. सावळी, उंच कपाळाची. तिच्या बोटांची टोकं चिरांनी भरलेली, काचेच्या. तिच्याशेजारी तिचे वडील, बाबूमियाँ. त्यांना दिसायचं कमी झालं होतं. ते बांगड्या बोटांनी चाचपून माप सांगायचे, आणि ते कधी चुकल्याचं मला आठवत नाही. तिचा नवरा हैदराबादेला गेला तो तिकडंच राहिला. त्याबद्दल ती बोलत नसे, म्हणून मीही बोलत नाही.

देवीला आलेली बाई तिच्यापुढं बसली, की ती आधी नाव विचारायची, मग माहेर. मग हात हातात घेऊन साबणाच्या पाण्यानं भिजवायची, अंगठा आत दुमडायची, आणि हाडं मऊ होईतो दाबत राहायची. तेवढ्या वेळात तिच्या ओठांत काहीतरी चाललेलं असायचं. पहिली बांगडी चढली की पहिली ओळ बाहेर यायची. बांगडी मुठीच्या हाडावर अडली की ओळही अडायची, लांबायची, हेलकावे खायची, आणि बांगडी खाली उतरली की समेवर यायची. वाशीच्या बाईला वाशीचं गाणं, परंड्याच्या बाईला परंड्याचं. दूर देवळाकडून संबळ वाजायचा, गोंधळ्यांचे आवाज यायचे, मधूनच सोलापूरची मोटार भोंगा वाजवायची. त्या सगळ्यात हा काचेचा बारीक किणकिणाट आणि तो थोडा चिरलेला आवाज. आजही ताप आला की मला तो ऐकू येतो.

बायका बांगड्यांबरोबर गाणंही गावी घेऊन जायच्या. पुढच्या वर्षी दुसरीच कुणी बाई यायची आणि हात पुढं करून तेच गाणं गुणगुणायची. जैतूनबीनं विचारलं, की कुठलं गं हे, तर म्हणायची, आमच्या आजीचं, लई जुनं. जैतूनबी बाबूमियाँकडं बघून हसायची. म्हणायची, "अब्बा, मी हिची आजी झाले." तेव्हा ती नुसती हसायची. त्या हसण्यात तेव्हा तरी दुसरं काही नव्हतं.

एक गाणं मात्र तिनं कुणा बाईसाठी केलेलं नव्हतं. बांगडीच बोलते आहे असं ते गाणं. गिऱ्हाईक नसलं की ती ते स्वतःशी म्हणायची.

*तुझं गं मनगट, गोल माझं घर,*
*हसशील तवा वाजंन मी, रडशील तवा धर.*

*फुटले तर फुटले बाई, वेचू नको काच,*
*कानामंदी ऱ्हाईला त्यो नाद माझा साच.*

हे शेवटचं कडवं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवून सरळ पलीकडं गेलो. सांगितलं, की बांगडी फुटली असं म्हणू नये, अशुभ असतं, वाढवली म्हणावं. आयाबाया तसंच म्हणतात. परंपरा आहे. शिवाय "जलमले" हे अशुद्ध आहे, "जन्मले" करा.

तिनं माझ्याकडं खालून वरपर्यंत पाहिलं.

"कारकूनभाऊ, काच हाय ती. फुटती. वाढाया ती काय मेथीची भाजी हाय?"

बाबूमियाँ इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी परत पायरीवर येऊन वर्तमानपत्र धरलं. ते उलटं धरलं होतं, हे तेलवाल्यानं दाखवून दिलं.

*

पुढच्या नवरात्रात एका तव्यांच्या कंपनीचा साहेब बायकोसह देवीला आला. तेव्हा गाण्याच्या रेकॉर्डला सगळे तवाच म्हणायचे. कंपनी लहानशी होती, पुढं ती बुडाली. साहेबाच्या बायकोनं जैतूनबीकडं हात दिला, आणि साहेब पायांतले जोडे हातात घेऊन दीड तास उन्हात उभा राहिला. जाताना एक कागद देऊन गेला. सोलापुरात एका नाटकगृहात ते गाणी तव्यावर उतरवायचं यंत्र लावणार होते, अमुक दिवशी या.

कागद आला की गल्ली माझ्याकडं यायची. जैतूनबीही आली. तिला उर्दूत सही करता यायची, कुराणातली अक्षरं लागायची. मराठी कागद मात्र तिला भिंतीसारखा होता. तिनं सांगितलं, की तुम्ही संगं चला, लिहिण्यावाचण्याचं तुमच्याकडं. मी उदार मनानं हो म्हणालो. पिशवीत धोतर, दाढीचं सामान आणि कवितांची वही ठेवली. कंपनीला गाणी लागतात, गाण्यांना शब्द लागतात, आणि शब्द तर माझ्याकडं पिशवीभर होते.

सोलापूरची मोटार घाट उतरताना बाबूमियाँ मांडीवर बांगड्यांची पेटी घट्ट धरून बसले होते. मी विचारलं, गाण्याला ही कशाला? जैतूनबी म्हणाली, हातात मनगट असल्याबिगर गाणं सुचत न्हाय.

आणि तसंच झालं. नाटकगृहाच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या बांधल्या होत्या, खिडक्यांवर घोंगड्या. सगळीकडं कोंदट कापसाचा आणि तापलेल्या यंत्राचा वास. यंत्रवाला हात वर करी, ती तोंड उघडी, आणि आवाज निघेना. शेवटी तिनं बाबूमियाँना समोर बसवलं, त्यांचा हात मांडीवर ओढला आणि हिरव्या बांगड्या भरायला घेतल्या. यंत्रवाल्यानं कपाळाला हात लावला, पण साहेबानं त्याला खुणेनं गप्प केलं. पांढऱ्या दाढीचा तो म्हातारा, डोळे मिटलेले, आणि सुरकुतल्या मनगटावर एकेक हिरवी बांगडी चढते आहे. त्या तव्यावर कान देऊन ऐकलं तर तो किणकिणाट ऐकू येतो.

पण त्याआधी फॉर्म भरायचा होता.

मी तो तिला वाचून दाखवत होतो. गायिका, मी म्हणालो, इथं तुमचं नाव. मग पुढचा रकाना, कवी.

"कवी म्हंजे?"

मी सांगितलं, ज्यानं गाणं केलं तो.

"मग ही दोन येगळी का केल्यात?"

मी समजावलं, की गाणारा निराळा असतो आणि गाणं करणारा निराळा, साधारणपणे. ती त्या कागदाकडं बघत राहिली. चौकोनात काय आहे ते तिला वाचता येत नव्हतं, पण चौकोन रिकामा आहे हे दिसत होतं. पदर सारखा केला. ओठ दोनदा हलले. बांगडी अडल्यावर ओळ अडायची, तसंच काहीतरी. मग अगदी हळू म्हणाली,

"मग दोन्हीकडं माजंच लिवा."

आणि लाजली. तीस वर्षांची बाई, दोन-चार शे गाणी केलेली, आणि आपण कोण आहोत हे तिला त्या क्षणी एका छापील चौकोनानं सांगितलं.

ती आत गेली. मी तिचा आवाज लागेतो दारात थांबलो, मग बाहेरच्या ओट्यावर फॉर्म घेऊन बसलो.

*

ही गोष्ट मी आजवर किमान दोनशे वेळा सांगितली आहे. लग्नाच्या पंगतीत, मोटारीत, कचेरीत चहाच्या वेळी. ती अशी सांगतो: गाणाऱ्या बाईनं सांगितलं, कवी म्हणून माझं नाव लिहा. पण मी पडलो कारकून. मनात म्हणालो, कागद कुठंय? दस्त कुठंय? मालकीचा पुरावा नाही म्हणजे वहिवाट. आणि सवयीच्या हातानं लिहून टाकलं, "पारंपरिक". गाण्याचं गायरान केलं! लोक हसतात. मी पेशकारांची नक्कल करतो तेव्हा जास्त हसतात. महसुली डोकं, असं म्हणून कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारतं, आणि मला आणखी एक जिलबी मिळते.

त्या गोष्टीत एक कप सांगायचा राहतो.

फॉर्मच्या अर्धा तास आधी मी साहेबाला वही दिली होती. त्यानं तीन पानं उलटली. चौथं उलटलं नाही. मग चहा आला, आणि साहेबानं वही टेबलावर ठेवून तिच्यावर कप ठेवला. काही वाईट बोलला नाही. विसरला. मी कपाखालून वही काढून घेतली तेव्हा चौथ्या चंद्रावर ओला गोल उमटला होता. खराखुरा चंद्र त्या वहीत तेवढाच.

आणि मग मी ओट्यावर बसलो होतो, आणि गाद्यांमधून, घोंगड्यांमधून तो आवाज येत होता. *फुटले तर फुटले बाई.* मला कळत होतं की हे परंपरेतलं नाही. परंपरेनं तो शब्द कधी तोंडातून काढलाच नसता. त्या एका शब्दावर तिची सही होती, आणि ते त्या नाटकगृहात माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मी लिहिलं, "पारंपरिक". सवयीनं नाही. अक्षर सावकाश, वळणदार काढलं. वेलांटी नीट दिली. वर स्वतःला शाबासकीही दिली, की मनात आलं तरी तिथं आपलं नाव घातलं नाही. काय सचोटी!

ती बाहेर आली. मान घामानं भिजलेली, डोळे चमकत होते. मागं बाबूमियाँ, अजून हातात बांगड्या. तिनं मला फॉर्म वाचायला सांगितलं.

मी बोट ठेवून वाचलं. "गायिका, जैतूनबी. कवी, जैतूनबी."

"परत वाचा."

मी परत वाचलं. दुसऱ्यांदा तर जास्त चांगलं वाचलं.

तिनं उजवीकडून डावीकडं, सावकाश, सही केली.

*

तवा आला तेव्हा बाजारातल्या हॉटेलवाल्यानं तो दिवसातून वीस वेळा लावला. यात्रेकरू चहाची बशी हातात धरून उभे राहायचे. पहिल्या दिवशी जैतूनबी पदर तोंडावर धरून रस्त्यापलीकडं उभी होती. कर्ण्यातून तिचाच आवाज येत होता, आणि ती मान वाकडी करून ऐकत होती, गिऱ्हाईक नवं असलं की ऐकायची तशी. मग बाबूमियाँना म्हणाली, "ह्या बाईला गळा हाय की." त्या पंधरवड्यात ती निराळी चालायची. बायका विचारत यायच्या, तव्यावरची जैतूनबी कुठं बसते? ती म्हणायची, हीच. आणि गाणंबी हिचंच.

हे ऐकलं की मी वर्तमानपत्र जरा वर धरायचो.

मुलींच्या शाळेत नव्या बाई आल्या होत्या. त्या बांगड्या भरायला आल्या आणि जैतूनबीनं तवा फडक्यातून काढून त्यांना दाखवला. इथं माजं नाव दोनदा हाय, कुठं कुठं हाय ते बोट लावून दावा, म्हणाली. बाईंनी एकदा बोट लावलं. दुसऱ्या ठिकाणी त्या अडखळल्या. मी समोरच्या पायरीवर होतो. पुढं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. जैतूनबीनं बाईंच्या हातातली बांगडी पूर्ण चढवली, हात पुसून दिला. तवा फडक्यात गुंडाळला. मग मान वर करून पलीकडं पाहिलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. गल्ली जमेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती, चांगली तीन-चार. तिनं फक्त पाहिलं. रस्ता दहा पावलांचा असेल. एवढ्या जवळून एवढ्या लांब मला आजवर कुणी ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं बसायची बाजू बदलली. माझ्याकडं पाठ येईल अशी.

*

पुढचं वर्ष गेलं. दिवेलागणीला शाळेत मोठ्या बायकांसाठी अक्षरवर्ग लागायचा, तिथं जैतूनबी पाटी घेऊन जाते असं कळलं. मी आमच्या पेशकारांना म्हणालो, या वयात कशाला. त्यांनी माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं पाहिलं.

मग एका दुपारी ती कचेरीत आली. भर कामाची वेळ. पाच कारकून, दोन शिपाई, बाकड्यांवर दहा-बारा शेतकरी, सातबारे घ्यायला आलेले. ती सरळ माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि कागद ठेवला.

मी विचारलं, काय आहे?

"अर्ज हाय. वाचा. मोठ्यानं वाचा."

मी म्हणालो, ठेवून जा, सावकाश बघतो.

"न्हाय. तुमी लई चांगलं वाचता. वाचा."

टाइप करणाऱ्याचे हात थांबले. मी वाचायला लागलो. अक्षरं मोठी, ओळी उजवीकडं वर चढत गेलेल्या. अर्जदार जैतूनबी. धंदा, बांगड्या भरणे व गाणी करणे. इथं मी खाकरलो. चुड्याच्या गाण्याच्या तव्यावर कवीच्या जागी पारंपरिक असे छापले आहे. ते खोटे आहे. ते गाणे मी केले आहे. पुढच्या ओळीवर माझे डोळे आधी गेले आणि जीभ मागं राहिली.

"फुडं," ती म्हणाली.

"ते आपल्या कचेरीतील कारकुनाने लिहिले," मी वाचलं, "व मला वेगळे वाचून दाखवले. तरी नोंद दुरुस्त व्हावी."

खोलीत पंखा फिरत होता. बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं शेजारच्याला विचारलं, कुठला कारकून? शेजाऱ्यानं हनुवटीनं दाखवलं.

मी हळू आवाजात सांगितलं, की जैतूनबी, ही महसूल कचेरी आहे, तव्याची नोंद इथं होत नाही.

"म्हाईत हाय. पोच द्या."

मी पोच लिहिली, शिक्का मारला. तिनं ती उचलली आणि तिथंच उभं राहून वाचली. बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत. त्याला बराच वेळ लागला. तोवर कुणीही काम केलं नाही. वाचून झाल्यावर तिनं कागदाची घडी घातली.

"तुमी माजं गाणं मागितलं असतं तर म्या दिलं असतं," ती म्हणाली. "बायका न्हेतातच की. तुमी तर ते कुणाचंच ठिवलं न्हाय."

आणि गेली.

संध्याकाळी कचेरीच्या साहेबांनी बोलावलं. काय भानगड आहे, विचारलं. इथं तरी मला एक संधी होती. कंपनीला कचेरीच्या शिक्क्यानं दोन ओळींचं पत्र गेलं असतं, तर पुढच्या खेपेच्या तव्यांवर कागद बदलला असता. साहेब भला माणूस होता. त्यानं सही केली असती. मी म्हणालो, "काही नाही साहेब, बाई जरा चक्रम आहे." साहेब हसले. मी पण हसलो.

त्या दिवशी घरी जाताना मी तो अर्ज फायलीतून काढून खिशात घातला.

सहा महिन्यांनी माझी जिल्ह्यातल्याच वाशीला बदली झाली. तिथं आठवडी बाजाराच्या दिवशी शेंगांचा धुरळा उडायचा, ज्वारीच्या कडब्याच्या गाड्या रस्ता अडवायच्या, आणि मला कुणी ओळखत नव्हतं. तिथंच मी ही गोष्ट पहिल्यांदा विनोदी करून सांगितली. छान जमली.

जैतूनबीचा दुसरा तवा निघाला म्हणे. फॉर्म तिनं स्वतः भरला. मी तो एकदाच पाहिला, उस्मानाबादला, आता ज्याला धाराशिव म्हणतात तिथं, एका जुन्या सामानाच्या दुकानात. गीत, जैतूनबी. गायन, जैतूनबी. दुकानदारानं लावून दाखवला. गाणं पहिल्याहून चांगलं होतं. पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. तोंडी बसलं ते पहिलंच. ते रेडिओवर गेलं, लग्नांच्या मांडवांत गेलं, शाळांच्या गॅदरिंगमध्ये गेलं. गायरानच ते. सगळ्यांची गुरं चरली.

*

"आजोबा, बघा की," नातसुनेनं हात पुढं केला. कोपरापर्यंत हिरवा.

"छान दिसतात," मी म्हणालो.

मोबाईलवर गाणं शेवटच्या कडव्यावर आलं होतं. *वाढले तर वाढले बाई,* ती मुलगी गात होती. कुणीतरी दुरुस्त केलं होतं. मी चोविसाव्या वर्षी सुचवलं होतं तसंच.

"फुटले," मी म्हणालो.

दुकानदार दचकला. त्यानं आधी नातसुनेचे हात पाहिले, मग मला. मी सांगितलं, गाण्यात फुटले असं आहे. मूळ गाण्यात.

"आजोबा, त्ये लोकगीत हाय," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "त्याला मूळ कसलं? कुणाचंच नसतंय त्ये."

"जैतूनबीचं आहे. ती त्या वळणावर बसायची."

त्यानं वळणाकडं पाहिलं. तिथं आता पैसे काढायचं यंत्र आहे. त्यानं नाव ऐकलेलं नव्हतं. नातसून मात्र माझ्याकडं बघत होती. ती आमच्या घरात आल्यापासून तिनं माझी ती गोष्ट तीनदा ऐकली होती, पेशकारांच्या नकलेसकट.

"ही तीच का? तुमच्या त्या गोष्टीतली बाई?"

मी मान हलवली.

"तिला नाव होतं?" ती म्हणाली. मग तिलाच ते कसंतरी वाटलं असावं. "म्हणजे, तुम्ही कधी सांगितलं नाही. नुसतं एक बाई म्हणायचात."

खरं होतं. दोनशे वेळा सांगितली, आणि दोनशे वेळा तो रकाना मी पुन्हा तसाच भरला.

मग मी तिला सांगितलं. स्टुलावर बसून, नारळ मांडीवर घेऊन, दुकानदारासमोर. कप सांगितला, ओटा सांगितला. वेगळं वाचून दाखवलं ते सांगितलं. साहेबासमोर चक्रम म्हणालो तेही. नक्कल केली नाही, कुणी हसलं नाही. नातसून बांगड्यांचा हात पोटाशी धरून ऐकत होती, वाजू नये म्हणून. आजोबांबद्दल तिला जे वाटायचं त्यातलं काहीतरी त्या स्टुलापाशी राहणार हे दिसत होतं, आणि ते मला थांबवता आलं असतं. अजूनही थोडी नक्कल पुरली असती.

तिनं हात खाली सोडला, बांगड्या वाजल्या. मग कामाचं बोलावं तसं म्हणाली, की असल्या गाण्यांची नावं दुरुस्त करता येतात आता, ती लिहील, पाठपुरावा करेल. पण नुसत्या आठवणीवर कुणी ऐकायचं नाही.

"काही कागद आहे का, आजोबा? तिच्या हातचा?"

"आहे," मी म्हणालो. "माझ्याकडंच आहे. म्हणून तर कुणाला सापडला नाही."